लांबलेल्या साथीने शरीराचं आणि मनाचं काय केलं? (अनुभव आणि माहिती)

कृष्णाकाठ

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोविड वॉर्डात काम केलं, आता स्वतःचं छोटं क्लिनिक चालवते. अजूनही असे पेशंट येतात ज्यांचं सांगणं 'लॉकडाऊनमध्ये जे बसलो ते बसलोच' इथून सुरू होतं. कुणाचा गुडघा धरलाय, कुणाला एक जिना चढला की धाप लागते, कुणाचा हात खांद्याच्या वर जात नाही. गुडघा तपासता तपासता दोन प्रश्न जास्त विचारले की झोपेची तक्रार निघते, झोपेमागे धास्ती निघते, आणि धास्तीमागे पुष्कळदा एखादं गेलेलं माणूस असतं, ज्याचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं एकच आहे. साथ मोठी होती त्यापेक्षा ती लांबली, याने माणसं जास्त खचली. आणि त्या लांबण्याचं जे काही झालं, ते शरीराचं निराळं आणि मनाचं निराळं असं झालेलंच नाही.

आम्ही सांगलीकरांनी त्याच्या आधीच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, महापूर पाहिला होता. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. दुकानं, घरं, जनावरं, सगळं गेलं लोकांचं. पण पुराला चढ असतो तसा उतार असतो, आणि पाणी उतरायला लागलं की ते डोळ्यांना दिसतं. मग चिखल काढायचा, पंचनामा करून घ्यायचा, भिजलेल्या गाद्या गच्चीवर टाकायच्या. कुठून कुठून माणसं भाकरी बांधून घेऊन आली, त्यांच्या गळ्यात पडून रडता आलं. कोविडमध्ये उतार दिसायचा आणि पुन्हा चढ लागायचा. २५ मार्च २०२० ला लागलेला लॉकडाऊन २१ दिवसांचा होता, तो वाढला, पुन्हा वाढला. दिवाळीच्या सुमाराला आकडे उतरले, १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, सुटलो म्हणेपर्यंत फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याकडून बातम्या यायला लागल्या आणि एप्रिलमध्ये राज्यात दिवसाला ६० हजारांवर रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला याला जागतिक साथ म्हटलं आणि आरोग्य आणीबाणी उठवली ती ५ मे २०२३ ला. तीन वर्षांच्या वर. 'झालं एकदाचं' असं सगळ्यांनी मिळून म्हणावं असा दिवस मधे आलाच नाही.

धोका जाणवला की शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. नाडी वाढते, रक्तात साखर वाढते, स्नायू ताठ होतात, झोप पळते. ही सोय थोड्या वेळासाठी आहे. तीच अवस्था महिनोन्महिने राहिली तर झोप तुटकी होते, रक्तदाब आणि साखर चढी राहते, पोट बिघडतं, मान आणि जबडा आखडून बसतो. त्यात हालचाल बंद. धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवून केलेला एक अभ्यास आम्हाला शिकवतात. तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोने घटलं. तिशीतला माणूस ते परत कमावतो. सत्तरीतला माणूस आपोआप कमावत नाही. पाय गेले की देवळापर्यंत जाणं जातं, ते गेलं की चार माणसं जातात, आणि मग जेवणावरची वासना जाते. नैराश्याची गोळी सुरू होते तेव्हा मांडीच्या स्नायूंकडे कुणी बघत नाही. उलट दिशेनेही तेच. खांद्याला शेक देत राहतात आणि ती बाई दोन वर्षं नीट झोपलेली नाही हे कुणी विचारत नाही.

तुमच्या घरातलं, आजूबाजूचं लिहा. मला जमेल तशी उत्तरं देईन.

खाडीवारा

अगदी आमच्या आईचं लिहिलंत. डोंबिवलीला राहतो. आई तेव्हा सत्तरीची होती, रोज बागेत फेऱ्या, संध्याकाळी भजनी मंडळ, महिन्यातून एकदा लोकलने दादरला मावशीकडे. बागेला कुलूप लागलं, मंडळ बंद झालं, लोकल तर सर्वसामान्यांसाठी कित्येक महिने बंदच होती आणि नंतरही ठरावीक वेळातच. ती खिडकीत बसून राहायला लागली. कोविड तिला झालाच नाही. पण दुसऱ्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलंय म्हणतात डॉक्टर. ती मात्र घरातल्या घरात भिंत धरून चालते आणि कुणी आलं की 'माझं आता काय राहिलंय' म्हणते. या वयात पायात ताकद परत येते का?

कृष्णाकाठ

@खाडीवारा, येते. ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या स्नायूंतही व्यायामाने ताकद वाढते. वेळ लागतो, पण वाढते.

आधी हे बघा: भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या साध्या खुर्चीवरून त्यांना हात छातीशी धरून उठता येतं का? येत नसेल तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवून उंची वाढवा आणि तिथून सुरुवात करा. दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पाच-सहा उठबशा, तुम्ही शेजारी उभे राहून. जमायला लागलं की उशी काढायची. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, मग एका पायावर क्षणभर उभं राहणं. बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवा, तो नसेल तर बाकीचं सगळं वाया. जेवणात डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, रोज. ड जीवनसत्त्व आणि बी१२ तपासून घ्या. आणि ऑपरेशन झालेलं असल्यामुळे एकदा जवळच्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवाच, मी त्यांचं चालणं पाहिलेलं नाही.

एक आग्रहाचं: भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं असेल तर व्यायामाची वाट न बघता त्यांना रिक्षाने नेऊन बसवा. पडण्याची भीती घरात बसून जात नाही.

रात्रपाळी

स्टाफ नर्स आहे, शहर आणि हॉस्पिटल सांगत नाही.

पीपीई किट घातलं की सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. त्याचं काही वाटत नाही आता. जे वाटतं ते वेगळं आहे. एप्रिल २०२१ मध्ये एका हाताने ऑक्सिजनचा मास्क धरायचा आणि दुसऱ्या हाताने नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल पेशंटच्या तोंडासमोर धरायचा. बाहेरून बायको विचारायची, 'सिस्टर, जेवले का ते?' आणि मला माहीत असायचं की हे आता जेवणार नाहीत. काय करायला पाहिजे ते आम्हाला येत होतं. बेड नव्हता, सिलिंडर नव्हता, हात नव्हते. जे येतं ते करता न येणं, रोज, ड्युटीमागून ड्युटी.

मला अजून मॉनिटरचा तो आवाज घरात ऐकू येतो. चाळिशीच्या आत बीपीची गोळी लागली. रात्रपाळी नसली तरी तीनला जाग येते. आमच्यातल्या कंत्राटी मुलींना तर लाट ओसरल्यावर कामावरूनच कमी केलं. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीला घरमालकिणीने खोली सोडायला सांगितली. हे मी कुठेच बोलले नव्हते.

निरभ्र

@रात्रपाळी, ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात.

योग्य काय ते माहीत असूनही ते करता न येण्याने जी जखम होते ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांमध्ये आधी ओळखली गेली, आणि कोविडनंतर आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये जगभर दिसली. ती थकव्यापेक्षा वेगळी आहे, रजा घेऊन जात नाही. पहाटे तीनची जाग, आवाज ऐकू येणं, यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. आघातावर काम करणारा थेरपिस्ट गाठा. लगेच कुणी मिळत नसेल तर टेलि-मानस, १४४१६, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा आहे, कॉल करायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

मूळ लेखाबद्दल. २०२० या एका वर्षात जगात नैराश्याचे ५.३ कोटी आणि चिंताविकाराचे ७.६ कोटी रुग्ण नेहमीपेक्षा जास्त झाले असावेत, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्टोबर २०२१ ला आला होता. स्त्रिया आणि तरुण यांच्यात वाढ जास्त होती. आणि आपल्याकडे साथीच्या आधीपासूनच परिस्थिती बिकट. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहातल्या एका प्रौढाला कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते.

पण मला आकड्यांपेक्षा दुःखाबद्दल लिहायचं आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात अडकलेली माणसं ती आहेत ज्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं माणूस लांबून पाहिलं किंवा तेही पाहिलं नाही. आपल्याकडे दहाव्याला घाटावर काय होतं आठवा. पिंडाला कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होऊन मोठ्याने सांगतो: 'पोरीच्या लग्नाचं मी बघीन', 'शेत विकणार नाही', 'आईला अंतर देणार नाही'. श्रद्धा असो वा नसो, गेलेल्याचं जे राहून गेलं ते चारचौघांत बोललं जातं आणि जबाबदारी वाटून घेतली जाते. २०२०-२१ मध्ये हे बोलणं झालंच नाही. ज्याच्यावर पडली त्याच्या एकट्यावर पडली.

लांबलेल्या शोकाला आता वैद्यकात स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ते आहे. सहा महिन्यांनंतरही ओढ तेवढीच तीव्र, जाण्यावर विश्वास न बसणं, रोजचं जगणं अडलेलं, असं असेल तर ते नुसतं हळवेपण नव्हे. छातीवर दडपण, गिळताना घास अडकणं, अंग मोडून येणं, ही याची शारीरिक रूपं. यातले पुष्कळ जण आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन आलेले असतात.

यारा_तीर

निरभ्र, तुमचा परिच्छेद वाचून उठून बाहेर जाऊन आलो.

मेलबर्नला असतो. इथे सहा लॉकडाऊन झाले, मिळून २६२ दिवस. ते सोसलं. बाबा नाशिकला एप्रिल २०२१ च्या शेवटी गेले. तेव्हा ऑस्ट्रेलियाबाहेर पडायला परवानगी लागायची, आणि ३ मे पासून तर भारतातून परत येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही मज्जाव झाला. मोडलं तर दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असं सरकारने जाहीर केलं. पंधराएक दिवसांत ते उठलं, पण मला तेच दिवस हवे होते. चुलतभावाने अमरधाममधून फोन धरला. नेटवर्क जात होतं. अस्थी त्यानेच रामकुंडात सोडल्या.

दर वर्षी एप्रिलमध्ये मला श्वास पुरत नाही. फुप्फुसं, हृदय, दोन्ही तपासण्या झाल्या, स्वच्छ आहेत. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, विचारलं, एप्रिलमध्ये काय झालं होतं? तोपर्यंत मी जोडलंच नव्हतं. आता इथे समुपदेशन घेतोय. इंग्रजीत 'बाबा' सांगता येत नाहीत, म्हणून मराठी थेरपिस्ट ऑनलाइन शोधला.

रोखठोक_नागपूर

सर्वांबद्दल आदर ठेवून लिहितो. आमच्याही घरात माणसं गेली. पण किती दिवस हे उगाळायचं? आपल्या आज्या-पणज्यांनी प्लेग पाहिला, मानमोडी पाहिली. त्यांना कोणतं समुपदेशन मिळालं? उठले आणि कामाला लागले. ज्यांचं हातावर पोट होतं ते तर मे २०२० मध्ये रस्त्याने चालत गावी गेले आणि चार महिन्यांनी परत कामावर आले. मला वाटतं सतत चर्चा केल्यानेच आजार पक्का होतो.

जुनी_पानं

@रोखठोक_नागपूर, इतिहासाचा विषय काढलात म्हणून. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत मांडवीला प्लेग दिसला, १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पसरला. घरं तपासायला सोल्जर आले, माणसांना ओढून छावणीत नेलं. लोक रुग्ण लपवायला लागले, अगदी २०२० मध्ये सेंटरला नेतील या भीतीने ताप लपवत होते तसेच. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने, म्हणजे मानमोडीने, हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं नेली. 'उठले आणि कामाला लागले' असं आपण म्हणतो, पण त्यातले किती जण उठलेच नाहीत याची नोंद कुणी ठेवली नाही.

दुसरं असं की त्यांच्याकडे काहीच नव्हतं हे खरं नाही. प्लेगमध्ये अख्खं गाव रानात झोपड्या टाकून राहायला जायचं, एकत्र. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचे. त्याने पटकी जात नव्हती, पाणी दूषित असेतो ती राहायचीच. पण गावाने मिळून भीतीला शिवेबाहेर घालवलं, असा एक दिवस पंचांगात असायचा. धागालेखिका 'झालं एकदाचं' म्हणायचा दिवस आलाच नाही म्हणतात, तो हाच.

कृष्णाकाठ

@जुनी_पानं, धन्यवाद, हे मला इतकं नीट मांडता आलं नसतं.

@रोखठोक_नागपूर, तुमचा चालत जाणाऱ्यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, फक्त मी त्याचा अर्थ उलटा लावते. ते परत कामावर आले कारण बसून राहणं त्यांना परवडत नव्हतं. ते बरे होते म्हणून आले असं नाही. माझ्याकडे साखर कारखान्यावरचा एक कामगार येतो, कोविडनंतर पोतं उचलताना दम लागतो म्हणून त्याला हलकं काम दिलं आणि मजुरी कमी झाली. त्याने कधी कुठे चर्चा केलेली नाही. त्याचा आजार तरीही पक्का आहे.

सातपुडा

क्षयरोग कार्यक्रमात काम करतो, नंदुरबारकडे. या धाग्यात एक गोष्ट यायला हवी. कोविड न झालेल्यांचं काय झालं. देशात २०१९ मध्ये टीबीचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. टीबी कमी झाला नव्हता, माणूस दवाखान्यापर्यंत आला नाही आणि आमची माणसं, यंत्रं कोविडला लागली होती. न सापडलेला रुग्ण घरातच खोकत राहिला, बंद घरात, सगळे घरी असताना. कॅन्सरचंही तसंच. मार्च ते मे २०२० मध्ये देशातल्या मोठ्या कॅन्सर केंद्रांत नवीन रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी झाली होती. गाठी काही लॉकडाऊनमध्ये थांबल्या नव्हत्या. पाड्यांवर आशाताई पायी फिरत राहिल्या म्हणून जे सापडले ते सापडले.

वऱ्हाडी_कापूस

थोडक्यात लिहितो. मोठा भाऊ, शुगर होती. मे २०२१, कोविडमधून घरी आला, आठ दिवसांत गाल सुजला, दात हलायला लागले. म्युकर, ती काळी बुरशी. अँफोटेरिसिनची इंजेक्शनं मिळवायला आम्ही तीन जिल्हे पालथे घातले. वरचा जबडा आणि डावा डोळा काढावा लागला. जीव वाचला, डॉक्टरांचे उपकार आहेत. आता सगळे विचारतात, 'बरा आहे न भाऊ?' मी हो म्हणतो. तो लग्नाला येत नाही, चारचौघांत जेवत नाही. मास्क सगळ्यांनी काढला, त्याने काढला नाही.

निरभ्र

@वऱ्हाडी_कापूस, भाऊंना कृत्रिम जबडा बसवला आहे का? तोंडाच्या आतली प्लेट आणि डोळ्याचं प्रोस्थेसिस बऱ्याच सरकारी दंत महाविद्यालयांत होतं, खर्च खूप कमी येतो. चेहरा परत मिळाल्यावर माणसांत येणं सोपं होतं, हे मी स्वतः पेशंटमध्ये पाहिलं आहे. त्याच्या आधी नुसतं 'मन घट्ट कर' म्हणणं निरुपयोगी.

वऱ्हाडी_कापूस

प्लेट आहे, डोळ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. नागपूरला विचारतो. धन्यवाद सर.

कोविड_बॅच

मी २०२१ च्या दहावीची. परीक्षा रद्द झाली, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या दिवसापासून कॉलेजात, नातेवाइकांत एकच शब्द: कोविड बॅच. निकालात नववीचे गुण धरले होते, आणि मी नववीत खरंच अभ्यास केला होता. थेट बारावीला पहिल्यांदा बोर्डाच्या हॉलमध्ये बसले, हात इतके थरथरत होते की पहिली पंधरा मिनिटं नाव लिहायला गेली. दीड वर्ष मोबाईलच्या स्क्रीनवर शाळा झाली, चष्म्याचा नंबर दीडने वाढला. मला सगळ्यात जास्त कशाची आठवण येत असेल तर मधल्या सुट्टीची. मोठ्यांना वाटतं मुलांना घरी बसायला मिळालं, मजा झाली. पंधरा ते सतरा वयात मैत्रिणीशी भांडायला आणि पुन्हा बोलायला मिळालं नाही तर ते नंतर जमत नाही, हे कुणी धरतच नाही.

शिरोळची_लेक

माझे मिस्टर दुसऱ्या लाटेत गेले. वय सदतीस. पदरात दोन मुलं, सोसायटीचं कर्ज, दवाखान्याचं बिल वेगळं. मला रडायला सवड नव्हती. कागदं गोळा करत होते. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलंय का, वारस नोंद, मिशन वात्सल्यचा फॉर्म, अनुदानाचा फॉर्म. वर्षभर मला पाळी आली नाही, केस गेले मूठमूठ. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट काढले आणि म्हणाल्या, जेवतेस का तू? तेव्हा लक्षात आलं की मुलांना वाढून मी तशीच उठत होते.

आमच्या तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. कोविडनं इतक्या तरण्या बायका एकदम विधवा झाल्या म्हणूनच ते सुचलं. मग सरकारनं पण सगळ्या गावांना कळवलं. आमच्या गावात ठराव झाला नाही अजून. पण मी हळदी-कुंकवाला जायला सुरुवात केली. पहिल्यांदा गेले तर एका म्हाताऱ्या बाईनं स्वतः उठून कुंकू लावलं. त्या रात्री मला झोप लागली. गोळीनं लागायची तशी नाही, खरी.

रात्रपाळी

@शिरोळची_लेक, ताई, तुम्हाला वाकून नमस्कार.

@निरभ्र, १४४१६ ला काल फोन केला. पाऊण तास बोलले. पुढच्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात भेट ठरवून दिली आहे.

खडू_फळा

मी लातूर जिल्ह्यात शिक्षिका. २०२१ मध्ये कोविड झाला, घरीच बरी झाले, ऑक्सिजन कधी ९५ च्या खाली गेला नाही. त्यानंतर मी ती राहिले नाही. सलग चार तास घेतले की दुसऱ्या दिवशी नाही, तर तिसऱ्या दिवशी आडवी होते. अंग जड, डोकं धुक्यात, वर्गातल्या मुलांची नावं आठवत नाहीत. कांद्याची फोडणी मला वर्षभर कुजल्यासारखी यायची. सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात कामाचा कंटाळा, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, योगा करा, चाला. नेटाने चालायला गेले तर आठवडा अंथरुणात गेला. तुम्ही वर आईंना व्यायाम सांगितलात तसा मी केला तर बरं होईल का?

कृष्णाकाठ

@खडू_फळा, ताई, थांबा. तुम्हाला मी तो व्यायाम सांगणार नाही, आणि हा फरक सगळ्यांनीच वाचावा.

खाडीवारांच्या आईंचे स्नायू न वापरल्याने गेले आहेत. त्यांना हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हेच औषध. तुमच्या बाबतीत श्रम झाल्यावर एक-दोन दिवसांनी तब्येत कोसळते, आणि कोसळली की दिवसेंदिवस वर येत नाही. अशा माणसाला 'रोज थोडं थोडं वाढवा' म्हटलं तर तो आणखी खाली जातो. कोविडच्या आधीपासून असलेल्या अशाच दीर्घ थकव्याच्या आजारात ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये हा वाढत्या व्यायामाचा सल्ला काढून टाकला. तुम्ही आळशी नाही आणि हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. लागण झाल्यापासून तीन महिन्यांनी लक्षणं असणं, ती किमान दोन महिने टिकणं, आणि दुसरं कारण न सापडणं, यालाच जागतिक आरोग्य संघटना लाँग कोविड म्हणते. त्यात दम, थकवा आणि डोक्यातलं धुकं ही मुख्य लक्षणं. तुमचा कोविड सौम्य होता म्हणून हे होणार नाही असं नसतं.

करायचं काय, तर दोन आठवडे वही ठेवा: काय केलं आणि दोन दिवसांनी कसं वाटलं. त्यातून तुमची मर्यादा कळेल. मग त्या मर्यादेच्या अलीकडेच थांबायचं, बरं वाटत असताना थांबायचं, तेच सगळ्यात अवघड आहे. शाळेच्या दोन तासांच्या मधे पंधरा मिनिटं आडवं व्हायला मिळेल का ते मुख्याध्यापकांना विचारा. बसून शिकवा. स्वयंपाकातला उभ्याचा भाग दुसऱ्याला द्या, आणि हे घरच्यांना वाचून दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी१२, ड, हे झालं नसेल तर करून घ्या.

आणि एक घरच्या घरी बघा. पाच-दहा मिनिटं शांत आडवं पडून नाडी मोजा. मग उभं राहून, न हलता, दर दोन मिनिटांनी दहा मिनिटांपर्यंत मोजत राहा, कुणाला तरी शेजारी ठेवून. चक्कर आली तर लगेच बसा. आकडे इथे लिहा.

खाडीवारा

आईला गुरुवारी भजनी मंडळात नेलं. दोन तास बसली. उशी ठेवून खुर्चीवरून उठायला जमतंय, उशीशिवाय अजून नाही.

खडू_फळा

केलं. आडवी असताना ७४. उभी राहिल्यावर दुसऱ्या मिनिटाला १०२, आठव्या मिनिटाला ११३. पोटऱ्या जांभळट दिसत होत्या आणि बसावंसं वाटत होतं, पण दहा मिनिटं काढली.

कृष्णाकाठ

@खडू_फळा, उभं राहिल्यावर नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढली आणि तशीच राहिली, तर त्याची नीट तपासणी व्हायला हवी. रक्तदाब न पडता असं होत असेल तर त्याला पॉट्स म्हणतात, आणि कोविडनंतर तो बऱ्याच जणांत दिसला आहे. हे आकडे कागदावर लिहून फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या आणि 'उभं राहून बीपी आणि नाडी मोजा' असं स्पष्ट सांगा, कारण झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मलच येईल. पाणी आणि मीठ वाढवणं, पोटऱ्यांना घट्ट मोजे, काही गोळ्या, असे उपाय असतात. मीठ मात्र डॉक्टरांनी बीपी बघून सांगितल्याशिवाय वाढवू नका.

खडू_फळा

माझं बीपी कमीच असतं नेहमी. गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली आहे. हे सोबत येत आहेत, काल रात्री त्यांना मी हा धागा पहिल्यापासून वाचायला दिला. सकाळी कणीक त्यांनी मळली.